समितीचा तिसरा मुद्दा आणि आठवी शिफारस

आजचा विषय निघाला की घरात पटकन आवाज खाली येतो. देहविक्रय करणाऱ्या बायकांसंबंधीचा कायदा बदलायचा, तर कोणाला विचारायचं?

आपल्याकडे १८६८ साली इंग्रजांनी संसर्गजन्य रोगांचा कायदा आणला. बायकांची नोंदणी, सक्तीची वैद्यकीय तपासणी. तो मुंबईतही लागू झाला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. करताना बायकांना कोणी विचारलं नव्हतं, आणि तेव्हा तसं अपेक्षितही नव्हतं. १९५६ चा कायदा, ज्याला बोलताना सगळे ‘पीटा’ म्हणतात, तो स्वतंत्र भारताचा. त्यात प्रौढ बाईने स्वतःहून देहविक्रय करणं हा गुन्हा नाही. पण कुंटणखाना चालवणं, तिच्या कमाईवर जगणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे. म्हणजे धंदा गुन्हा नाही, पण तो करायला जागा मात्र कुठेच नाही.

आता २०११ मध्ये या. कोलकात्यात १९९९ साली अशा एका बाईचा खून झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचं अपील फेटाळलं, पण प्रकरण बंद केलं नाही. त्याचं जनहित याचिकेत रूपांतर केलं आणि जुलैमध्ये ज्येष्ठ वकील प्रदीप घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात सोनागाचीची दुर्बार महिला समन्वय समितीही होती. ही धंद्यातल्या बायकांची स्वतःची संघटना. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली.

समितीपुढे तीन मुद्दे होते. मानवी तस्करी रोखणं, बाहेर पडू इच्छिणाऱ्यांचं पुनर्वसन, आणि ज्यांना हेच काम करत राहायचं आहे त्यांना सन्मानाने ते करता यावं अशी परिस्थिती. पहिल्या दोन मुद्द्यांवर कोणाचंच भांडण नव्हतं. तिसऱ्यावर केंद्र सरकारने हरकत घेतली. जुलै २०१२ मध्ये शब्द बदलले. घटनेच्या २१ व्या कलमानुसार सन्मानाने ‘जगता’ यावं, एवढंच उरलं. ‘काम करत राहणं’ गेलं. मराठीत दोन-तीन शब्दांचा फरक. पण सांगलीत किंवा कामाठीपुऱ्यात बसून वाचणाऱ्या बाईला त्याचा अर्थ लगेच कळेल.

२०१६ साली न्यायालयाला सांगितलं गेलं की शिफारशी विचाराधीन आहेत. मग वर्षं गेली. कायदा आला नाही. अखेर १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने कलम १४२ वापरून स्वतःच आदेश दिला. शिफारशी दहा होत्या. त्यांतल्या सहा केंद्राला मान्य. निरोध जवळ सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये, ही त्यांतलीच एक. आधार कार्डाची सोयही त्याच आदेशात झाली.

उरलेल्या चारांवर आक्षेप. त्यांतली आठवी शिफारस मी दोनदा वाचली. या बायकांसाठी धोरण आखताना, कायदा बदलताना त्यांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना निर्णयप्रक्रियेत घ्या, एवढंच तिच्यात आहे. पैसे लागत नाहीत. पोलिसांचे अधिकार कमी होत नाहीत. तरी आक्षेप.

हे एकटं उदाहरण असतं तर मी सोडून दिलं असतं. पण २०१४ मध्ये केंद्राने स्वतःच धोरण ठरवलं होतं की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा. तस्करीविरोधी विधेयकाचा मसुदा ३० जून २०२१ रोजी जाहीर झाला, आणि सूचनांची मुदत होती १४ जुलै. कोविडचा काळ, वस्त्या बंद, संघटनांची माणसं रेशन वाटण्यात गुंतलेली. पंधरवड्यात कोणी मसुदा वाचायचा, कोणी समजावून सांगायचा?

२०२२ च्या आदेशात उरलेल्या चार शिफारशींवर उत्तर द्यायला केंद्राला सहा आठवडे दिले होते.