चेटकिणीच्या हातची केरसुणी

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण कोणाला ठाऊक नाही? आधी दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली, आणि 2018 मध्ये नाटक नव्याने उभे राहिले तेव्हा वैभव मांगले यांनी. रूपे पालटणारी बाई दोन्ही वेळा पुरुषाच्या अंगात शिरली, ही गंमत खरीच. पण या बाबतीत तिच्या नावाने तिच्यावरही कडी केली आहे.

‘चेटकीण’च्या मुळाशी संस्कृत ‘चेट’, ‘चेटक’ हे शब्द दिसतात. अर्थ अगदी साधा: नोकर. ‘मृच्छकटिका’त चेट आणि चेटी धन्याची कामे करत वावरतात. मग नोकराची जादू कशी झाली? मधली पायरी तंत्रमार्गात असावी. साधकाने मंत्राने बांधलेले, सांगेल ते काम निमूट करणारे भूत, म्हणजे त्याचा चेटकच की! पुढे भुताचे नाव त्या विद्येला चिकटले असावे आणि ‘चेटूक’ झाले; आणि ते करणारी ती चेटकीण.

प्राकृतात ‘ट’चा ‘ड’ झाला, आणि ‘चेड’ कोकणात उतरला. तिथे त्याला दोन पाय फुटले. एक ‘चेडा’, म्हणजे गावच्या वेशीबाहेर भेटणारे भूत. दुसरा ‘चेडू’, म्हणजे मुलगी. मालवणी आई लेकीला ‘गो चेडवा’ म्हणून लाडाने हाक मारते, तेव्हा चेटकीण दोन घरे सोडूनच राहत असते. पोर आणि नोकर यांना एकच शब्द कसा, असे वाटले तर हॉटेलातला ‘पोऱ्या’ आठवावा. हिंदीतला ‘चेला’ही याच गोतावळ्यातला असावा.

आता फारसी शेजारीण पाहू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात उलूकयातु, श्वयातु, गृध्रयातु यांचा नायनाट करण्याची प्रार्थना आहे. घुबड, कुत्रा, गिधाड अशा रूपांनी फिरणारे हे मायावी दिसतात. या ‘यातु’ची इराणी बहीण पुढे फारसीत ‘जादू’ झाली. पण जुन्या फारसीत ‘जादू’ म्हणजे जादू करणारा माणूस! माणसाचा शब्द विद्येला गेला, आणि माणसासाठी मागून ‘गर’ (मराठीत ‘गार’) जोडावा लागला. चेटकाचेही तेच झाले. तिथे ‘ईण’ लागली. दोन भाषा, वाट एकच.

रूपबदलाचा खास शब्द मात्र संस्कृताकडे आहे: ‘कामरूपिणी’. वाल्मीकींची शूर्पणखा तशी आहे, हवे ते रूप घेणारी. कामरूप देशातल्या बायका पुरुषाचा मेंढा करतात, ही लोकसमजूत पसरायला त्या देशाच्या नावाचा हा दुसरा अर्थही कारणी लागला असावा. इथला ‘काम’ म्हणजे इच्छा. आपले रोजचे ‘काम’ निराळे. ते ‘कर्म’, ‘कम्म’ अशा वाटेने आलेले.

‘चेटक्या’ हा पुल्लिंगी शब्दही मराठीत होता, पण तो मागे पडला. पुरुषाला मांत्रिक, भगत, देवऋषी अशी बऱ्या अर्थाची नावे मिळाली. बाईच्या वाट्याला शिवी उरली. अशी नावे ठेवून बायकांचे हाल केले गेले, तेव्हा शब्द नुसता कोशातला राहत नाही.

म्हणून नवी गोष्ट लिहिणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. चेटकिणीला परदेशी चित्रातली उडता झाडू उसना आणून द्यायला नको. ती मुळातली चेटी, घरकाम करणारी बाई. केरसुणी तिच्या हातात आधीपासून आहे. केरसुणी खाली ठेवून ही बाई मालकीण कशी झाली, तेवढे लिहा.