कमान, पाटा आणि मागचा आस

वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी, पेशवाई, भाषावार प्रांतरचना असे विषय शोभतात. तेथे मोटारीच्या पाट्यांवर बोलावयाचे म्हणजे देवघरात हातोडा घेऊन शिरण्यासारखे कोणास वाटेल. परंतु श्रोतेहो, आपण सारे आज या मांडवात ज्या ज्या वाहनाने आलात त्याच्या पोटाखाली कमान आहे, आणि ती नसती तर निम्मे लोक कंबर धरून बसले असते. तेव्हा थोडा वेळ या दुर्लक्षित वस्तूस द्यावा, अशी विनंती आहे.

आपली टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली. सोलापूरकडच्या टेंभुर्णीशी तिचा घोटाळा नेहमी होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. हा मुलूख 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, पुढे औरंगाबाद जिल्ह्यात राहिला आणि 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा त्यात आला. जमीन बहुतेक काळी. पावसाळ्यात बैलगाडीचे चाक त्या चिखलात रुतावे आणि उन्हाळ्यात तीच चाकोरी दगडासारखी वाळावी, हा येथील रस्त्यांचा शेकडो वर्षांचा इतिहास. बैलगाडीला कमान नव्हती. साटा थेट आसावर बसे, आणि चाकाला लागलेला प्रत्येक धक्का माणसाच्या मणक्यापर्यंत विनासायास पोचे. गाडी बैलाच्या चालीने चाले म्हणून हे सहन होत असे. वेग वाढला की सहन होत नाही. कमानीचा जन्म या एका अडचणीतून झाला.

लंडनमधील ओबादाया एलियट या गाडी बांधणाऱ्या कारागिराने 1804 साली लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. पोलादाच्या लांबट पट्ट्या एकावर एक रचून, मध्ये आवळून, दोन्ही टोकांना वाकवलेली ही कमान बग्गीखाली आली आणि प्रवासाचे स्वरूप बदलले. आपल्याकडे टांग्याखाली दिसे ती तिचीच धाकटी बहीण. आपण तिला दिलेले नावही पाहण्यासारखे आहे. धनुष्याला फारसीत कमान म्हणतात. आपण दारावरच्या अर्धवर्तुळास कमान म्हटले, घड्याळातल्या गुंडाळीस कमान म्हटले, आणि मोटारीखालच्या पाट्यांसही तेच नाव दिले. हे नाव देणाऱ्याने वस्तूचा स्वभाव नेमका ओळखला होता. ओढलेले धनुष्य आणि दाबलेला पाटा या दोहोंत जोर साठवलेला असतो, आणि हात निसटला की तो जोर मालक कोण, परका कोण, हे पाहत नाही.

एकच जाड पट्टी का वापरीत नाहीत, असे मुले विचारतात. प्रश्न उत्तम आहे. एक त्रिकोणी पत्रा घ्या, तो उभा चिरून त्याच्या पट्ट्या करा आणि लांब पट्टी वर, आखूड खाली अशा रचा. मध्यभागी जेथे ताण अधिक तेथे पट्ट्या अधिक, टोकाला ताण कमी तेथे एकच. सर्व पोलाद जवळजवळ सारखे राबते, कोणतीही एक जागा लवकर थकत नाही. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात आणि गाडीचे हेलकावे त्या घर्षणात जिरतात.

1898 साली मुंबईत मोटारी अवतरल्या, तेव्हा बग्गीच्या कमानी त्यांच्याखाली जशाच्या तशा गेल्या. 1928 साली शिवडीला जनरल मोटर्सने सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करण्यास आरंभ केला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट निघू लागली. आपल्या बाजूस पाहिले तर निजामाच्या रेल्वेने 1932 साली 27 गाड्या घेऊन प्रवासी मोटारसेवा सुरू केली. मराठवाड्यातील एसटीची ही आजी. आज एसटीच्या गाड्यांचे मोठे काम चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. पण गावोगावच्या जुन्या जीप, फियाट आणि अँबॅसेडर यांचे काम रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडेच असे. अँबॅसेडर 2014 साली बंद झाली, कुर्ल्याची पद्मिनी त्याच्याही आधी. आता या गाड्या हौशी माणसे जपतात. गाडी राहिली, परंतु तिच्या मागच्या आसाला पाटे चढवणारा हात म्हातारा झाला. आजचा विषय घेण्याचे कारण हेच.

पुष्कळ जुन्या मोटारींत मागचे पाटे केवळ गादीचे काम करीत नाहीत. हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत मागचा आस जागेवर धरणारे दुसरे काहीही नसते. चाक रस्त्याला रेटते तो रेटा पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून गाडीच्या सांगाड्याला मिळतो, आणि ब्रेक लावल्यावरचा ताणही तेथेच येतो. पाटे आसाशी यू बोल्टांनी आवळलेले असतात, आणि मधल्या सेंटर बोल्टाचे डोके आसावरच्या भोकात बसते. ते नीट बसले नाही, किंवा बोल्ट तुटला, तर आस मागेपुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी धावू लागते. म्हणून पाटे चढवण्यातली चूक ही केवळ खडखडाटाची बाब नाही.

एका रस्त्याकडेच्या गॅरेजात मी तरुणपणी पाहिलेला प्रसंग सांगतो. गॅरेजाचे नाव घेत नाही. पाट्यांचा जुडगा जमिनीवर ठेवून एका पोराने सेंटर बोल्टाची चक्री सोडली. शिकंजा लावला नव्हता. शेवटच्या आट्याला जुडगा उसळला आणि वरचा पाटा त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडले. दोन शिकंजे बोल्टाच्या दोन बाजूंना आधी घट्ट करून बोल्ट काढला असता आणि मग शिकंजे थोडे थोडे सैल केले असते, तर पाटे आपोआप शांतपणे मोकळे झाले असते. फोर्डच्या टी मोटारीत, जी 1908 ते 1927 पर्यंत निघाली, मागे एकच आडवी कमान असे. ती बसवताना टोके ताणून धरण्यास खास लोखंडी साधन लागे. ते साधन घसरले तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

गाडीखाली शिरण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावावी. सांगाडा भक्कम घोड्यांवर टेकवावा. जॅक उचलण्यासाठी आहे, पेलण्यासाठी नाही. विटा रचणारे महाभाग मी पाहिले आहेत. भाजलेली माती भाराखाली कोणतीही सूचना न देता फुटते. आसाखाली दुसरा जॅक निराळा ठेवावा, म्हणजे यू बोल्ट सुटताच आस खाली कोसळून ब्रेकची नळी ओढणार नाही.

नवा पाटा चढवताना पुढचा डोळा आधी पिनेत घालावा, मागचा शॅकलमध्ये नंतर. नव्या पाट्याला बाक अधिक, त्यामुळे त्याचे दोन डोळे जवळ आलेले असतात आणि मागचा डोळा शॅकलपर्यंत पोचत नाही. येथे माणसे पहारीने ओढाताण करतात. त्याऐवजी आस जॅकने हळूहळू वर घ्यावा. पाटा सपाट होतो आणि सपाट झाला की लांबतो. मात्र या वेळी एक नजर घोड्यांवर हवी, कारण जॅक अधिक वर गेला तर पाटा दबण्याऐवजी सारी गाडीच घोड्यांवरून उचलली जाते.

यू बोल्ट नवे घ्यावेत. एकदा ताणलेल्या बोल्टाचे आटे दुसऱ्यांदा तसेच धरतील याचा भरवसा नाही. ते समोरासमोरचे कोपरे घेऊन आळीपाळीने आवळावेत. डोळ्यांत रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहून भार आल्यावरच शेवटचे कसावेत. अधांतरी कसले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. एका बाजूचा पाटा बदलला तर दुसरीकडचाही बदलावा, नाहीतर गाडी एका कुशीवर झोपते. काही शे किलोमीटर धावल्यावर यू बोल्ट पुन्हा तपासावेत.

मोडका पाटा वेल्डिंगने सांधण्याचा मोह मात्र टाळावा. पाट्याच्या पोलादाला तेलात विझवून व पुन्हा बेताने तापवून जी लवचिकता दिलेली असते ती वेल्डिंगच्या आचेने जाते, आणि तो सांध्याच्या शेजारीच पुन्हा मोडतो. त्याची जागा लोहाराच्या भट्टीत. लोहार तो लाल करून ठोकतो, धारेला नव्याने पाणी देतो आणि त्याचा कोयता घडवतो. ऊसतोडीला जाणारी माणसे कोयता घेताना तो कमानपाट्याचा आहे ना, हे विचारून घेतात. आमच्या घरच्या कोयत्याच्या मुठीजवळ सेंटर बोल्टाचे अर्धे भोक अजून दिसते.