गलबत आणि नाका : नव्वदच्या दशकातील अवकाशगाथांची प्रतवारी

समीक्षाव्यवहारात प्रतवारीला फारसा मान नाही. क्रमांक लावणे हे रविवारच्या पुरवण्यांचे काम, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु प्रत्येक अभ्यासक्रम आणि प्रत्येक प्रातिनिधिक संग्रह ही एक प्रच्छन्न प्रतवारीच असते. तेथे निकष तेवढा झाकलेला असतो. प्रस्तुत लेखात नव्वदच्या दशकातील दूरचित्रवाणीवरील अवकाशगाथांची प्रतवारी उघडपणे करावयाची आहे, आणि ती करताना निकष कोठून येतो हा प्रश्नही विचारावयाचा आहे. तो प्रश्न येथे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडी हे ठिकाण डोळ्यांसमोर ठेवून विचारला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम संज्ञेविषयी. ‘स्पेस ऑपेरा’ ही संज्ञा विल्सन टकर या अमेरिकन लेखकाने 1941 मध्ये हेटाळणीच्या अर्थाने वापरली. साबणाच्या जाहिरातींवर चालणाऱ्या कौटुंबिक नभोवाणी-मालिकांना ‘सोप ऑपेरा’ आणि घोडदौडीच्या साचेबंद साहसपटांना ‘हॉर्स ऑपेरा’ म्हणत. त्या धर्तीवर झिजलेल्या अवकाशयान-कथांसाठी त्याने हा शब्द घडविला. पुढे हेटाळणी गळाली आणि प्रकारनाम उरले. 1974 मध्ये ब्रायन ऑल्डिसने याच नावाचा संग्रह संपादित केला, तेव्हा या प्रकाराला प्रतिष्ठा मिळू लागली होती. विस्तीर्ण अवकाश, अनेक वंश, त्यांच्या सत्तांमधील संघर्ष आणि पिढ्यांना व्यापणारा काळ ही त्याची लक्षणे होत. मराठीत त्यासाठी रूढ शब्द नाही. येथे ‘अवकाशगाथा’ हा शब्द योजला आहे.

शब्द नाही, कारण मराठीत हा प्रकारच फारसा रुजला नाही. आधुनिक मराठी विज्ञानकथेची जडणघडण मोठ्या प्रमाणात 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या आणि तिच्या कथास्पर्धांच्या आश्रयाने झाली. जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा 1974 मध्ये अशाच स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठविली गेली. या परंपरेचे बलस्थान लघुकथा, आणि तिच्या केंद्रस्थानी एखादी वैज्ञानिक कल्पना. ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’ ही नारळीकरांची शीर्षके पुराणातील एका खुणेने अपरिचित कल्पना वाचकाच्या ओळखीची करून देतात. परंतु कल्पना उलगडली की कथा संपते. राज्ये, तह, निर्वासित, सूड आणि विस्मरण यांचा दीर्घ पट तिला अभिप्रेत नव्हता. तो पट मराठी भाषकांनी पाहिला तो अन्य भाषांत, पडद्यावर.

सर्वांनी मात्र एकच पट पाहिला नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने मूळ ‘स्टार ट्रेक’ दाखविली आणि तिच्या छायेत ‘स्पेस सिटी सिग्मा’ ही हिंदी मालिका आली. 1991 मध्ये स्टार वाहिन्या सुरू झाल्या, पण त्या इंग्रजीतून आणि केबलद्वारे येत. म्हणून त्यांचा प्रेक्षक प्रामुख्याने शहरी राहिला. ग्रामीण भागाचा पडदा दीर्घकाळ दूरदर्शनचाच होता. 1998 हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी 26 जानेवारीला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली; वैभववाडी रोड हे तिच्यावरील एक स्थानक. त्याच वर्षी दूरदर्शनवर केतन मेहता दिग्दर्शित ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाली. तिचा नायक मिलिंद सोमण. गुरूच्या एका उपग्रहावरील तुरुंगातून बारा अट्टल गुन्हेगार निसटतात आणि व्योमने त्यांना पकडावयाचे, हे तिचे कथासूत्र. आज या दशकातील कोणतीही मालिका मागवून पाहता येते, आणि त्यामुळे त्या साऱ्या जणू सर्वांनी एकाच वेळी पाहिल्या होत्या असा भास निर्माण होतो. प्रतवारी करणाऱ्याने या भासापासून सावध राहावयास हवे.

वैभववाडी समुद्रकाठी नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट येथून गगनबावड्याकडे आणि पुढे कोल्हापूरकडे चढतात. वर देश, खाली कोकण, आणि मध्ये हा नाका. मुंबईला गेलेला चाकरमानी हा या भागाच्या जीवनातील नेहमीचा नायक. त्याच्या जाण्यायेण्याच्या कथा होतात, मागे राहिलेल्यांच्या क्वचित होतात. अवकाशगाथांचेही असेच दोन प्रकार करता येतात. काही गाथा गलबतावरून सांगितल्या जातात, काही नाक्यावरून. गलबत येते, पाहते, निवाडा करते आणि निघून जाते. नाक्यावर राहणाऱ्याला मात्र काल जे केले त्याच्यासह उद्या जगावे लागते.

या भेदाला सिंधुदुर्गातील दशावताराची जोड दिली म्हणजे निकष पुरा होतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळे गावोगाव फिरू लागतात. आधी आडदशावतार, त्यातला संकासुर आणि त्याची मालवणीतील थट्टा. नंतर पहाटेपर्यंत चालणारे पौराणिक आख्यान. लिखित संहिता नसते. कथानक ठरते आणि संवाद नट रंगभूमीवरच रचतात. या प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असतो. त्याचे लक्ष असते ते तेथवर पात्र कसे पोहोचते याकडे, आणि वाक्कलहात राक्षसालाही आपली बाजू मांडता येते की नाही याकडे. रंगवलेले मुखवटे आणि जाड कपाळपट्ट्या त्याला खटकत नाहीत. तेव्हा तीन प्रश्न हाती येतात. घडलेल्या गोष्टीचा माग उरतो काय? प्रतिपक्षाला स्वतःची वाणी आहे काय? आणि कथा कोणाच्या ठिकाणावरून सांगितली जाते?

या तिन्ही कसोट्यांवर पहिले स्थान ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ (1993–1999) या मालिकेला द्यावे लागते. तिचे स्थळ एक अवकाशस्थानक. ते हलत नाही, लोक तेथे येतात. शेजारचा बजोर ग्रह सुमारे पन्नास वर्षांच्या कार्डेशियन अंमलातून नुकताच सुटलेला आहे, आणि स्थानक त्याच सत्ताधाऱ्यांनी बांधलेले आहे. मुक्ततेनंतर काय, हा या गाथेचा खरा विषय. 1993 मधील ‘ड्युएट’ या भागात किरा ही पूर्वाश्रमीची बंडखोर एका कार्डेशियनाची उलटतपासणी करते. तो छळछावणीचा क्रूर अधिकारी असल्याचे सांगतो. प्रत्यक्षात तो तेथील एक कारकून निघतो. आपल्या समाजाने अपराध कबूल करावा म्हणून त्याने दुसऱ्याचे पाप स्वतःच्या अंगावर घेतलेले असते. शत्रूचा असा आत्मसंवाद दूरचित्रवाणीवर विरळाच. हा भाग संपतो तो एका बजोरनाने त्याची हत्या करण्याने, आणि मारण्याचे कारण एवढेच की तो कार्डेशियन आहे. किराचा द्वेष तेथे प्रथमच तिला अपुरा वाटतो. गलबतावरची कथा येथे पुढच्या ग्रहाकडे वळली असती; किरा तेथेच राहते.

दुसरे स्थान ‘बॅबिलॉन फाइव्ह’चे (1994–1998). हीही नाक्याचीच कथा. पाच वर्षांचा आराखडा आधी ठरवून लिहिलेली ही मालिका. तिच्या 110 भागांपैकी 92 भाग एकट्या जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीने लिहिले. लोंडो आणि जकार या दोन वैरी राजदूतांचा शेवट पहिल्याच वर्षी लोंडोच्या स्वप्नातून सांगितला जातो: ते एकमेकांचे गळे धरून मरणार आहेत. त्यानंतरची उत्कंठा ‘कसे’ याचीच आहे, आणि जेव्हा तो क्षण येतो तेव्हा त्याचा अर्थ वैराचा राहिलेला नसतो. दशावताराच्या प्रेक्षकाला ही रीत चटकन उमजावी. मग दुसरे स्थान का? एकहाती लेखनामुळे अनेक पात्रे एकाच वक्तृत्वात बोलतात. शिवाय चौथ्या वर्षानंतर मालिका बंद पडेल या भीतीने मुख्य संघर्ष घाईने आवरला गेला आणि पाचवे वर्ष सैल पडले.

तिसरे स्थान ‘द नेक्स्ट जनरेशन’चे (1987–1994). हे गलबत आहे, पण ऐकून घेणारे. 1991 मधील ‘डार्मॉक’ या भागातील परके लोक केवळ स्वतःच्या पुराणकथांच्या उल्लेखांतून बोलतात. शब्द कळतात, अर्थ कळत नाही. ‘भगीरथ प्रयत्न’ किंवा ‘द्रौपदीची थाळी’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला या भाषेत अनोळखी असे काही वाटू नये. कथा ठाऊक नसलेल्याला हे शब्दप्रयोगही असेच मुके राहतील. पण प्रत्येक भाग स्वतःपुरता पुरा होण्याची या मालिकेची शिस्त असल्याने माग क्वचितच उरतो. 1992 मधील ‘द इनर लाइट’मध्ये पिकार्ड एक संपूर्ण आयुष्य जगून येतो, त्याची खूण म्हणून एक बासरी तेवढी मागे राहते.

चौथी ‘व्हॉयेजर’ (1995–2001). सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले यान, घरी परतण्यास पंच्याहत्तर वर्षे. चाकरमान्याच्या ओढीला याहून मोठे रूपक मिळणे कठीण. तरीही मालिका ते पेलत नाही. 1997 मधील ‘इयर ऑफ हेल’ या जोडभागात यान खरोखर मोडत जाते, माणसे खचतात. आणि अखेरीस काळच मागे फिरवून हे सारे घडलेच नाही असे ठरविले जाते. ज्या प्रवासात काहीच हरवत नाही त्यातील परतण्यालाही वजन राहत नाही.

पाचवे स्थान ‘कॅप्टन व्योम’चे. गुन्हेगार निसटतात, वीर त्यांना पकडतो, व्यवस्था पूर्ववत होते. अवताराच्या या चक्रात व्यवस्थेविषयीचा प्रश्न उद्भवत नाही. याच दिग्दर्शकाने ‘भवनी भवाई’ (1980) या चित्रपटात भवाई या लोकनाट्याची मोडणी घेऊन वर्णव्यवस्थेला जाब विचारला होता. लोकनाट्यातील प्रश्न विचारणारा तो आवाज अवकाशात पोहोचला नाही, ही हानी तांत्रिक उणिवांपेक्षा मोठी आहे.

येथे आक्षेप संभवतो: परदेशी कृतींना कोकणातील कसोटी लावणे न्याय्य आहे काय? उत्तर असे की प्रत्येक कसोटी कोठून तरी आलेली असते. विज्ञानाची अचूकता किंवा दृश्यपरिणामांची सफाई हे निकषही कोणत्या तरी ठिकाणचेच आहेत. कृतीत आधीच असलेले काही ते उजेडात आणतात काय, एवढेच पाहावयाचे. नाक्याच्या कसोटीने किराचे राहणे दिसते आणि ‘व्हॉयेजर’ची पोकळीही दिसते. शिवाय पाचव्या क्रमांकाची मालिका दूरदर्शनच्या पडद्यावर अनेकांना गवसलेली त्या दशकातील एकमेव अवकाशगाथा होती, ही वस्तुस्थिती गुणक्रमाने पुसली जात नाही. गुणांचा क्रम आणि ग्रहणाचा इतिहास या दोन नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या पाहिजेत, आणि दुसरी नोंद अद्याप लिहिली गेलेली नाही.

नारळीकर 2025 मध्ये गेले. त्यांच्या पिढीने मराठी वाचकाला आकाश समजावून दिले. त्या आकाशात दीर्घ काळ राहणारी, सोसणारी आणि मागे उरणारी माणसे उभी करणारी गाथा मराठीत यावयाची आहे. ती आली तर तिला गलबताची वाट पाहण्याचे कारण नाही. नाक्यावरून सांगण्यासारखे पुष्कळ आहे.