संमीलन भट्टीपुढे विजेच्या चढउताराचे आव्हान

सूर्याच्या गाभ्यात चालणारी अणुसंमीलनाची प्रक्रिया पृथ्वीवर घडवून आणण्यासाठी दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथे 'इटर' ही प्रायोगिक भट्टी उभी राहत आहे. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत हे तिचे भागीदार आहेत. भविष्यातील विजेची आशा म्हणून पाहिली जाणारी ही भट्टी स्वतः मात्र वीज निर्माण करणार नाही. उलट ती विजेची ग्राहक असेल, आणि तीही मोठी लहरी.

भट्टीची शीतकरण व अन्य यंत्रणा चालू ठेवण्यासाठीच सुमारे ११० मेगावॉट वीज लागेल. प्लाझ्माचा प्रयोग सुरू असताना ही मागणी तीस सेकंदांपर्यंत ६२० मेगावॉटचे शिखर गाठू शकते. फ्रान्सला एवढी वीज जड नाही. खरी अडचण आहे ती या आकस्मिकपणाची. ग्रीडमध्ये मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. तो ढळला, तर ५० हर्ट्झची वारंवारिता आणि विजेचा दाब दोन्ही डळमळतात.

इंग्लंडमधील कलहॅम येथे १९८३ ते २०२३ या काळात चाललेल्या 'जेट' या भट्टीने यावर वेगळा उपाय योजला होता. एका प्रयोगाची शिखर मागणी एक हजार मेगावॉटच्या पुढे जाई, तर ग्रीडकडून ५७५ मेगावॉटपेक्षा अधिक वीज घेण्यास मुभा नव्हती. म्हणून तेथे प्रत्येकी ७७५ टनांची चाके असलेली दोन फ्लायव्हील जनित्रे बसविण्यात आली. लहान मोटारींनी ही चाके मिनिटाला २२५ फेऱ्यांपर्यंत सावकाश फिरवायची आणि प्रयोगाच्या वेळी त्यांचा वेग उतरवत साठलेली ऊर्जा चुंबकांना द्यायची, अशी ही पद्धत. काही सेकंदांच्या प्रयोगाला ती पुरेशी होती.

'इटर'चे प्रयोग शेकडो सेकंदांचे आहेत. तेवढ्या काळासाठी चाकांत ऊर्जा साठवणे व्यवहार्य नसल्याने तिला ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरून थेट वीज घ्यावी लागणार आहे. येथेच दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. चुंबकांना एकदिश प्रवाह लागतो आणि तो थायरिस्टर परिवर्तकांतून मिळतो. हे परिवर्तक ग्रीडकडून 'रिअॅक्टिव्ह पॉवर' मोठ्या प्रमाणात ओढतात. ही शक्ती प्रत्यक्ष काम करीत नाही, केवळ ये-जा करते. पण तिचा भार वाहिन्यांवर पडतो आणि दाब खाली येतो. कारखानदारांना परिचित असलेला पॉवर फॅक्टरचाच हा प्रश्न, फक्त अवाढव्य प्रमाणावरचा. कारखान्याचा भार बराचसा स्थिर असल्याने तेथे कपॅसिटरचा संच बसवून भागते. येथे चुंबकांचा प्रवाह सतत बदलणार असल्याने भरपाईही त्याच चपळाईने बदलावी लागते.

त्यासाठी प्रत्येकी २५० मेगाव्हार क्षमतेचे तीन संच आहेत. कपॅसिटर असलेले फिल्टर रिअॅक्टिव्ह पॉवर पुरवतात आणि थायरिस्टरनियंत्रित रिअॅक्टर तिचा जादा भाग शोषून घेतात. परिवर्तकांमुळे विजेच्या लहरीत शिरणाऱ्या विकृती गाळण्याचे कामही हेच फिल्टर करतात. ही सामग्री पुरविण्याची जबाबदारी चीनकडे आहे. ग्रीडकडून घ्यावयाची रिअॅक्टिव्ह पॉवर २०० मेगाव्हारच्या मर्यादेत ठेवणे, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू.

ग्रीडला भट्टीपासून जपायचे, तसे भट्टीलाही ग्रीडपासून जपावे लागते. प्लाझ्माची जागा राखणाऱ्या वेटोळ्यांना योग्य दाब वेळेवर न मिळाल्यास प्लाझ्मा भिंतीकडे सरकून क्षणार्धात कोसळू शकतो. उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या मुख्य अतिवाहक चुंबकांत ४१ अब्ज ज्यूल ऊर्जा साठलेली असेल. त्यांची अतिवाहकता नष्ट होऊ लागली, तर ती ऊर्जा झपाट्याने रोधकांमध्ये सोडून द्यावी लागेल. बाहेरचा पुरवठा पूर्ण खंडित झाल्यास सुरक्षिततेशी निगडित यंत्रणा डिझेल जनित्रांवर चालतील. प्लाझ्माचा प्रयोग मात्र तेथेच थांबेल.

२०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकानुसार 'इटर'मधील संशोधनपर प्रयोग २०३४ मध्ये सुरू व्हावयाचे आहेत.