भेरली माड : गोड रस आणि कायदा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या पूर्वेला सह्याद्रीचा कडा आहे. त्याच्या पायथ्याच्या ओलसर घळींत भेरली माड वाढतो. माशाच्या शेपटीसारख्या पानांमुळे तो लांबूनही ओळखता येतो. लग्नाच्या मांडवाला त्याच्या झावळ्या लावतात. त्यामुळे मुलांनी पान पाहिलेले असते, झाडाचा इतिहास मात्र ऐकलेला नसतो.

१६७८ साली ‘होर्टस मलबारिकस’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात या माडाचे चित्र छापले गेले. १७५३ मध्ये लिनियसने त्याला ‘कॅरिओटा युरेन्स’ हे नाव दिले. ‘युरेन्स’ म्हणजे जळजळ करणारा. फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हाताला गर लागला की खाज सुटते. उदमांजर मात्र ही फळे खाते आणि बिया रानात पसरवते.

हे झाड वर्षानुवर्षे खोडात पिष्ट साठवते. वाढ पुरी झाली की पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो, पुढचे क्रमाने खाली येतात. शेवटचा फळला की झाड मरते. फुलोऱ्यासाठी पिष्टाची साखर होते आणि फुलोरा कापला की ती रसातून ठिबकते. खोडातल्या पिठाची पेज आपण स्वतः खाल्ल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी लिहिले आहे.

म्हणजे हा माड अन्नही देत होता. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ‘ताडी’ची व्याख्या केली, ती माडवर्गातील कोणत्याही झाडाचा आंबलेला किंवा न आंबलेला रस अशी. रस काढायला परवाना लागू लागला आणि झाडामागे कर बसला. पहाटेचा गोड रस आणि दुपारची ताडी कायद्याच्या लेखी एकच ठरली. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरही निर्बंध आले. रानातले अन्न आता महसुलाच्या हिशेबात मोजले जाऊ लागले.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ‘नीरा’ वेगळी मानली : आंबू नये अशी प्रक्रिया केलेल्या भांड्यात काढलेला, न आंबलेला रस. यामागचे विज्ञान सोपे आहे. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. आतून चुना फासला की त्याची वाढ रोखली जाते. कायद्याला हा फरक मान्य व्हायला सत्तर वर्षे लागली.

सहलीत भेरली माड दिसला तर फुलोरा खोडावर कुठवर उतरला आहे, ते मुलांना पाहू द्या. झाडाचे किती आयुष्य उरले, याचा अंदाज त्यांना तेथेच येईल. फळांना मात्र हात लावू देऊ नका.