रिकाम्या बाटलीची खतावणी



शाळेंत व्यवहारी हिशेब शिकवितांना मी एक उदाहरण नेहमीं घालीत असें. दुकानदारानें चोवीस-चोवीस सोडाबाटल्यांचीं १० खोकीं नेलीं, पेयाची किंमत रोख दिली, आणि ८ खोकीं रिकाम्या बाटल्यांसह परत केलीं. तर त्याच्याकडे येणें काय? मुलें तत्काळ म्हणत, “कांहीं नाहीं, गुरुजी!” वस्तुतः २ खोकीं व ४८ बाटल्या येणें असत.

विकलें जातें तें पेय. बाटली विकणाऱ्याचीच राहते. हा भेद जुना आहे. डब्लिन शहरांतील थ्वेट्स नांवाच्या सोडावॉटरवाल्यांनीं इ. स. १८०० च्या सुमारास रिकाम्या बाटल्या परत आणणारांस डझनामागें २ शिलिंग देऊं केले होते. कारण त्या काळीं कारागीर एकेक बाटली फुंकून घडवीत. बाटल्या आपोआप घडविणारें मायकेल ओवेन्सचें यंत्र १९०३ सालीं आलें. लंडनच्या हायरम कॉडनें १८७२ सालीं गोटीच्या बाटलीचें पेटंट घेतलें. आपल्या ‘गोटी सोड्या’ची ती हीच बाटली. कांच जाड, म्हणून महाग. आणि गोटीच्या लोभानें मुलें ती फोडीत!

बाटली परत यावी म्हणून अनामत घेतात. ती विक्रेत्याकडे जमा होते खरी. पण तें त्याचें उत्पन्न नव्हे, देणें आहे. अनामत फार कमी असेल, तर ग्राहक बाटली घरींच ठेवतो. कांचेचा भाव वाढतो, पण जुन्या अनामतीचा आंकडा तोच राहतो. म्हणून जाणत्या व्यापाऱ्यानें दोन खतावण्या ठेवाव्या: एक रुपयांची, दुसरी नगांची. भरलेलीं खोकीं किती गेलीं, रिकामीं किती आलीं, बाटल्या किती फुटल्या, याची प्रत्येक फेरीस उभयतांच्या सहीनें नोंद व्हावी.

ही दुसरी वही नसली म्हणजे काय होतें, तें मीं बाळपणीं पाहिलें. आमच्या आळींतील एक चहावाले उन्हाळ्यांत थंड पेयें विकीत. गाडीवाला रिकामीं खोकीं उचलून नेई. चिठ्ठी कोणीच करीत नसे. हंगामाअखेर वितरकानें त्यांच्याकडे ६ खोकीं येणें काढलें. चहावाल्यांचें म्हणणें खरें होतें, हें साऱ्या आळीस ठाऊक होतें. परंतु कागद नव्हता. त्यांनीं भरपाई केली, आणि पुढील वर्षापासून पेयें ठेवणेंच सोडलें.

गेल्या कांहीं दशकांत प्लास्टिकची बाटली आली, आणि पुष्कळ दुकानांतून नगांची वही मिटली. सुटलों, असें दुकानदारांस वाटलें असेल. पण त्या बाटल्या आतां गटारांत व नदीकांठीं दिसतात. जर्मनीनें २००३ सालीं एकदांच वापरावयाच्या बाटल्यांवर व डब्यांवरही अनामत बसविली, म्हणजे मिटलेली वही पुन्हां उघडली. रिकामी बाटली कोणाच्या तरी नांवें लिहिलेली असली, तरच ती परत येते. हा जुना हिशेब आपणही मुलांस पुन्हां शिकवावयास हवा.