सोने गेले, गाव उरले

कोलार हे नाव मराठी श्रोत्यांना अगदीच परके नाही. बंगळूर, होसकोटे आणि कोलार हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. परंतु आज ज्या गावाची हकिकत मी सांगणार आहे, ते कोलार शहरापासून सुमारे तीस किलोमीटर दूर आहे. ते वसले इंग्रजी अमदानीत, आणि त्याच्या जन्माचे एकमेव कारण होते सोने.

बंगळूरहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बंगारपेठ लागते. कमिशनर बाउरिंग यांच्या नावावरून तिला पूर्वी बाउरिंगपेट म्हणत. तेथून एक लहानसा फाटा खाणींकडे वळतो. कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन अशी स्थानके घेत गाडी मारीकुप्पमला जाऊन थांबते. डब्यातून उतरताच प्रथम दिसतात त्या करड्या रंगाच्या बोडक्या टेकड्या. त्या निसर्गाने उभारलेल्या नाहीत. दगड दळून, सायनाइडने त्यातील सोने वेगळे काढल्यावर जी भुकटी उरली, तिचे हे ढीग आहेत. वारा सुटला की ती पूड आजही घराघरांत शिरते.

या खाणींचा शोध इंग्रजांनी लावला, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खरे नव्हे. १७९९ साली टिपूचा पाडाव झाल्यावर म्हैसूरच्या सीमेची मोजणी करण्यासाठी लेफ्टनंट जॉन वॉरन या भागात आला. येथे सोने सापडते ही वदंता त्याच्या कानी पडली. १८०२ साली त्याने बक्षीस लावले, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या भरून माती आणली आणि त्याच्या देखत ती धुऊन सुवर्णकण काढून दाखविले. म्हणजे विद्या गावकऱ्यांची होती. साहेबाने तिचा अहवाल लिहिला. पुढे मायकेल लॅव्हेल नावाच्या एका निवृत्त सैनिकाने तो अहवाल वाचला, १८७३ साली म्हैसूर दरबाराकडे अर्ज केला आणि खाणकामाचा परवाना मिळविला. त्याचे भांडवल पुरे पडले नाही. १८८० च्या सुमारास लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या पेढीने कारभार हाती घेतला आणि खरी भरभराट सुरू झाली.

मग कॉर्नवॉलचे खाणतज्ज्ञ आले. टेकाडांवर प्रशस्त बंगले, क्लब, गॉल्फचे मैदान, चर्च उभे राहिले. लोक या वसाहतीला ‘लिटल इंग्लंड’ म्हणू लागले. १९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्रम् येथून सुमारे ९२ मैल तारा ओढून खाणींसाठी वीज आणली गेली. बंगळूरचे रस्ते त्यानंतर तीन वर्षांनी उजळले. चॅम्पियन रीफची खाण तर तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या साहाय्याने येथील भूगर्भातच न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांच्या खुणा टिपल्या.

तथापि बंगल्यांकडून खाली उतरल्यावर दिसणाऱ्या मजुरांच्या चाळींत मला या गावाचा अधिक मोलाचा वारसा आढळला. आरंभी तेथे बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या होत्या. उत्तर अर्काट आदी जिल्ह्यांतून आलेली ही माणसे बहुतांशी तमिळ दलित होती. अतिखोल थरांत खडकाची उष्णता साठ अंशांच्या वर जाई. खडक अकस्मात फुटत. धुळीने फुप्फुसे निकामी होत. इतके करून वर आल्यावर चोरीच्या संशयाने अंगझडती होई ती वेगळीच.

या माणसांनी मान मात्र खाली घातली नाही. पंडित अयोतीदास यांच्या प्रेरणेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मारीकुप्पमला बौद्ध संघाची शाखा निघाली. अयोतीदासांचे बंद पडलेले ‘तमिळन’ हे नियतकालिक १९२६ साली याच खाणवस्तीतून पुन्हा प्रसिद्ध होऊ लागले. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ सालची. तिच्या कितीतरी आधी येथील खाणकामगार दिवाबत्तीच्या उजेडात बुद्धाचा विचार वाचीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या चाळींपाशी पाऊल थबकते. १९३० साली बोटांचे ठसे देण्याची सक्ती झाली, तेव्हा याच कामगारांनी संप पुकारला. आम्ही चोर नव्हे, हेच त्यांचे म्हणणे होते.

१९५६ मध्ये खाणी म्हैसूर सरकारच्या मालकीच्या झाल्या व १९६२ मध्ये केंद्राकडे गेल्या. तोवर सोने विरळ आणि खर्च भारी होत चालला होता. शंभरहून अधिक वर्षांत सुमारे आठशे टन सोने निघाले, आणि २००१ साली खाणी बंद झाल्या. यंत्रे थांबली, तेव्हा हजारो कुटुंबांची रोजची भाकरी थांबली.

आज येथे येणारा प्रवासी बंगल्यांची छायाचित्रे घेऊन परततो. त्याने पहाटे स्थानकावर उभे राहावे. खाणकामगारांची मुले-नातवंडे बंगळूरला मजुरीसाठी, नोकरीसाठी निघालेली दिसतात. रात्री तीच गाडी त्यांना परत आणते. चाळी अपुऱ्या आहेत, पाण्याची वानवा आहे, तरी मुक्काम हलवायला ती तयार नाहीत. आजोबा ज्या जमिनीत उतरले, ती सोडायची कशी, असे ती विचारतात. गावाचा वारसा जपायचा असेल, तर चर्चच्या शिखराबरोबर त्या चाळींची, तेथल्या छापखान्यांची आणि त्या संपाचीही नोंद झाली पाहिजे.